‘लग्न झालंय?’च्या पुढचा प्रश्न : एका आरोग्यकेंद्राचं प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्णांना त्यांचा लैंगिक कल, म्हणजे आकर्षण कोणाबद्दल वाटतं ते, विचारावं का, याबद्दलचं हे प्रकरण ज्या आरोग्यकेंद्रातलं आहे, तिथे मी फॅमिली फिजिशियन म्हणून काम करते. केंद्र मध्यम आकाराचं आहे: ओपीडी, प्रयोगशाळा आणि मोजक्या खाटांचा आंतररुग्ण विभाग. ओळख पटू नये म्हणून रुग्णांची वयं आणि काही तपशील बदलले आहेत. ज्या दोघांबद्दल इथे सविस्तर लिहिलं आहे, त्यांनी मजकूर वाचून होकार दिला आहे.

पहिल्या रुग्णाला ‘अ’ म्हणू. चाळिशी ओलांडलेल्या या बाई थायरॉइड आणि अर्धशिशीसाठी आठ वर्षं माझ्याकडे येत होत्या. त्यांच्या पहिल्या केसपेपरवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे : ‘अविवाहित. लैंगिक संबंध – नाही.’ यातला पहिला शब्द त्यांनी सांगितलेला होता. दुसरी नोंद मी विचारून केलेली नव्हती. ‘लग्न झालंय का?’ असं विचारलं, त्या ‘नाही’ म्हणाल्या आणि पुढची ओळ मी आपली आपणच भरली. ती ओळ पुढे संगणकात चढली आणि तिथून तिने आठ वर्षं आपलं काम केलं.

काम असं की, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या चाचणीची आठवण करून देणारी आमची यंत्रणा ‘विवाहित’ किंवा ‘लैंगिक संबंध – होय’ अशी नोंद असलेल्या स्त्रियांनाच निरोप पाठवायची. अ यांना तो कधीच गेला नाही.

घटना

दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जातंय म्हणून अ आल्या, त्या दिवशी मी रजेवर होते. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी ‘दिवस गेले असतील का?’ असं विचारलं. त्या शक्यच नाही म्हणाल्या. तरी लघवीची चाचणी झाली. चार दिवसांनी रक्तस्राव वाढला आणि त्यांना दाखल करून घेतलं, तेव्हा तोच प्रश्न आणि तीच चाचणी पुन्हा झाली. सोबत आलेल्या बाईंना दारातच थांबवलं. ‘नातेवाईक असाल तरच आत या,’ असं त्यांना सांगण्यात आलं. फॉर्मवर ‘नाते’ या रकान्यात अ यांनी ‘मैत्रीण’ लिहिलं होतं. ही मैत्रीण चौदा वर्षं त्यांची जोडीदार आहे.

रक्तस्रावाचं कारण साधा पॉलिप निघाला. पण त्याच तपासणीत आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी घेतलेल्या नमुन्यात एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरणारा विषाणू) सापडला आणि पुढे बायोप्सीत गर्भाशयमुखाच्या पेशींमध्ये तीव्र स्वरूपाचे, कर्करोगाआधीचे बदल दिसले. वेळ हातात होती. तेवढा भाग काढून टाकण्याची छोटी शस्त्रक्रिया झाली आणि अ आज बऱ्या आहेत. अजून दोन-चार वर्षं तशीच गेली असती, तर काय झालं असतं याचा विचार मी पुष्कळ वेळा केला आहे.

टाके सुकल्यावर त्या भेटायला आल्या. चिडलेल्या नव्हत्या. म्हणाल्या, “डॉक्टर, आठ वर्षांत तुम्ही एकदा जरी नीट विचारलं असतंत, तरी मी सांगितलं असतं. तुम्ही फक्त नवऱ्याबद्दल विचारलंत.” मग त्यांनी केंद्राच्या नावाने लिहिलेलं एक पत्र माझ्या टेबलावर ठेवलं. त्यात एकच मागणी होती : इथे येणाऱ्या प्रत्येकाला लैंगिक कल विचारा, म्हणजे माझ्यासारखीला स्वतःहून तोंड उघडावं लागणार नाही.

नेमकं चुकलं काय

या पत्रावर केंद्रात झालेल्या बैठकीत पहिला सूर ‘आपल्याला माहीतच नव्हतं’ असा होता. तो मला पटला नाही. माहीत नसणं वेगळं आणि माहीत नसताना ‘नाही’ लिहिणं वेगळं.

वैद्यकीय चूक तर सरळ होती. एचपीव्ही लैंगिक संबंधांत होणाऱ्या त्वचेच्या स्पर्शातून पसरतो. दोन स्त्रियांमधल्या संबंधांतूनही तो जाऊ शकतो. शिवाय आज स्त्री जोडीदार असलेल्या अनेक स्त्रियांचे पूर्वी पुरुषांशी संबंध आलेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे की सर्वसाधारण स्त्रियांमध्ये ही चाचणी वयाच्या ३० व्या वर्षापासून सुरू करावी आणि एचपीव्ही चाचणी असेल तर ती ५ ते १० वर्षांनी पुन्हा करावी. या शिफारशीत नवऱ्याची अट कुठेही नाही. ती आम्ही घातली होती.

इथे एक अडचणीची गोष्ट प्रामाणिकपणे मांडायला हवी. अ यांची चाचणी वेळेत होण्यासाठी त्यांचा लैंगिक कल माहीत असण्याची गरज नव्हती. यंत्रणेतली लग्नाची अट काढली असती, तरी पुरलं असतं. ती अट आम्ही त्याच आठवड्यात काढली आणि त्यासाठी कोणालाही काहीही विचारावं लागलं नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणाल्या, “मग विषय संपला, प्रश्न कशाला?” त्यांचं म्हणणं वजनदार होतं. पण दारात थांबवलेल्या जोडीदाराचं काय? दोनदा झालेल्या त्या गर्भधारणेच्या चाचणीचं काय? आणि अर्धशिशी वाढली की मी दर वेळी ‘घरी काही ताण?’ असं विचारायचे आणि त्या ‘विशेष काही नाही’ म्हणायच्या, त्या आठ वर्षांचं काय? हे अट काढून सुटणारं नव्हतं.

समोर असलेले पर्याय

काहीच न विचारता फक्त भाषा सुधारायची, हा पहिला पर्याय. ‘नवरा’ किंवा ‘बायको’ऐवजी ‘जोडीदार’ म्हणायचं, नात्याच्या रकान्यात रुग्ण सांगेल ते नाव घ्यायचं. हे करायचंच होतं. प्रश्न एवढाच होता की यावर थांबायचं का.

दुसरा, डॉक्टरांना गरज वाटेल तेव्हाच विचारायचं. बहुतेक सहकाऱ्यांना हा सगळ्यात शहाणपणाचा वाटत होता. मलाही आधी वाटला. मग आमच्या समुपदेशकांनी विचारलं, “अ यांच्या बाबतीत तुम्हाला गरज वाटली असती का?” मी गप्प बसले. गरज वाटेल तेव्हा विचारायचं म्हणजे प्रत्यक्षात ज्याच्याकडे बघून शंका येईल त्याला विचारायचं. आपल्यालाच का विचारलं, हे रुग्णाला लगेच कळतं.

तिसरा, नोंदणीच्या फॉर्मवर सगळ्यांना, ऐच्छिक प्रश्न म्हणून. चौथा, फॉर्मवर नाही, पण पहिल्या सविस्तर भेटीत डॉक्टरांनी तोंडी विचारायचं.

तिसऱ्यावर आमच्या सर्जनचा आक्षेप होता : “हात मोडलेल्या माणसाला हे विचारलं तर तो मला काय म्हणेल?” बैठकीतल्या जवळजवळ सगळ्यांना हीच भीती होती. २०१७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेमकं हेच तपासलेलं होतं. तातडीच्या विभागात काम करणाऱ्या सुमारे ७८ टक्के डॉक्टर-परिचारिकांना वाटत होतं की रुग्ण उत्तर द्यायला नकार देतील. प्रत्यक्ष रुग्णांपैकी ‘आम्ही नकार देऊ’ असं म्हणणारे होते सुमारे १० टक्के. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत १६ वर्षं आणि त्यावरील व्यक्तींना हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला गेला. तो ऐच्छिक होता, तरी ९२.५ टक्के लोकांनी उत्तर दिलं. संकोच बऱ्याच अंशी आमच्या बाजूला होता.

खरा गंभीर आक्षेप वेगळ्याच बाजूने आला. आम्ही समलिंगी व्यक्तींसाठी काम करणाऱ्या एका आधारगटातल्या दोघांना बोलावलं होतं. ते या प्रश्नाचं स्वागत करतील, असं आम्ही धरून चाललो होतो. त्यांच्यातले वयाने मोठे असलेले गृहस्थ म्हणाले, “ही नोंद कोणाकोणाला दिसणार, ते आधी सांगा.” आमच्याकडे उत्तर नव्हतं. ते पुढे म्हणाले की त्यांच्या तरुणपणी डॉक्टरांच्या कागदावर ‘समलैंगिक’ लिहिलं जाणं म्हणजे आजाराचं निदान होतं. हे अक्षरशः खरं आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेने आपल्या विकारांच्या यादीतून समलैंगिकता १९७३ मध्ये वगळली; जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातून ती १७ मे १९९० रोजी गेली. आजही साठहून अधिक देशांत समलिंगी संबंध हा गुन्हा आहे. तिथे अशी नोंद म्हणजे पुरावा.

त्या दिवशी आम्ही वहीत लिहिलं : ‘कोणाला दिसणार, याचं उत्तर मिळाल्याशिवाय सुरुवात नाही.’ लिहिलं, पण पाळलं अर्धवट. ते पुढे येईल.

काय ठरलं

तिसरा आणि चौथा पर्याय एकत्र केला. नोंदणीच्या वेळी टॅबवर ऐच्छिक प्रश्न. भेटीत डॉक्टरांनी फक्त ‘तुम्ही भरलेल्या माहितीत आणखी काही सांगायचं आहे का?’ एवढं विचारायचं. अमेरिकेतल्याच पुढच्या एका अभ्यासात, परिचारिकेने तोंडी विचारण्यापेक्षा फॉर्मवर विचारलेलं समलिंगी आणि ट्रान्सजेंडर रुग्णांना अधिक सोयीचं वाटल्याचं दिसलं होतं. तातडीच्या भेटीत हा प्रश्न गाळायचा, हेही ठरलं. सर्जनच्या आक्षेपाचा तेवढा भाग बरोबरच होता.

शब्दांवर आमचे तीन आठवडे गेले आणि ते सत्कारणी लागले. पहिल्या मसुद्यात ‘तुमचा लैंगिक कल’ एवढंच होतं. काही रुग्णांना तो वाचायला दिला, तर निम्म्याअधिक लोकांनी ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ असं उत्तर लिहिलं. एका आजींनी विचारलं, “कल म्हणजे आवड का गं?” दुसऱ्या मसुद्यातले ‘भिन्नलिंगी’, ‘उभयलिंगी’ हे शब्द तर डॉक्टरांनाही एकमेकांना समजावून सांगावे लागले. शेवटी आम्ही संज्ञा सोडली आणि साधं वाक्य केलं :

‘तुम्हाला प्रेमाचं किंवा शारीरिक आकर्षण कोणाबद्दल वाटतं?’

खाली पर्याय : वेगळ्या लिंगाच्या व्यक्तींबद्दल, माझ्याच लिंगाच्या व्यक्तींबद्दल, एकाहून अधिक लिंगांच्या व्यक्तींबद्दल, कोणाबद्दलच नाही, अजून नक्की माहीत नाही, माझ्या शब्दांत सांगते/सांगतो, सांगायचं नाही. स्वतःची लिंगओळख काय, हा प्रश्न वेगळा ठेवला, कारण या दोन गोष्टी एकमेकींवरून ओळखता येत नाहीत.

इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने ऑक्टोबर २०१७ मध्ये या माहितीच्या नोंदीसाठी प्रमाणक काढलं. त्यातली एक गोष्ट आम्ही जशीच्या तशी उचलली : ‘विचारलं, पण सांगायचं नाही’ आणि ‘विचारलंच नाही’ या दोन नोंदी वेगळ्या. माझ्या जुन्या केसपेपरला हा फरक माहीत असता, तर ते ‘नाही’ तिथे आलंच नसतं.

प्रशिक्षणात सगळ्यात जास्त वेळ एकाच गोष्टीला दिला : उत्तर मिळाल्यावर चेहऱ्याचं आणि जिभेचं काय करायचं. सरावात एक सिस्टर रुग्ण झाल्या आणि म्हणाल्या, “माझी जोडीदार बाई आहे.” समोरचे तरुण डॉक्टर क्षणभर थांबले, पेन टेबलावर ठेवलं आणि फार मायेने म्हणाले, “काही हरकत नाही.” सिस्टर पटकन म्हणाल्या, “डॉक्टर, हरकत कोणी विचारली होती?” त्या दिवसापासून आमचं वाक्य ठरलं : “बरं झालं सांगितलंत. त्यांचं नाव तुमच्या माणसांत नोंदवून ठेवू का?” आणि पेन खाली ठेवायचं नाही.

पहिला महिना आणि ‘ब’

सुरुवात शांत झाली. लोक खूण करत आणि पुढे जात. दोघा-तिघांनी ‘हे कशाला?’ म्हणून विचारलं. कारण सांगितलं की बहुतेकांचं समाधान होई. एका गृहस्थांचं झालं नाही. त्यांनी तक्रारवहीत लिहिलं, आम्ही त्यांना फोन केला, त्यांचं मत बदललं नाही. ते अजूनही आमच्याकडे येतात.

चौथ्या आठवड्यात ‘ब’ हा विशीतला मुलगा कावीळ झाली म्हणून आला. टॅबवर त्याने एकट्याने फॉर्म भरला आणि खरं उत्तर दिलं. तीन दिवस दाखल होता. घरी सोडताना डिस्चार्जचा कागद छापला गेला आणि तो काउंटरवरून त्याच्या वडिलांनी घेतला. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात ‘सामाजिक माहिती’ नावाची एक चौकट होती. वय, व्यवसाय, व्यसनं, आणि खाली आम्ही नव्याने जोडलेली ओळ. ती तिथे छापली जावी, असं कोणीच ठरवलं नव्हतं. चौकटीत येणारी प्रत्येक नोंद आपोआप छापली जात होती, एवढंच.

वडिलांनी काउंटरवरच वाचलं. ब याने दोन दिवसांनी आमच्या समुपदेशकांना फोन केला, तो मित्राच्या घरून. तीन आठवडे तो तिथेच राहिला.

आम्ही त्याच दिवशी प्रश्न बंद केला. प्रत्येक छापील नमुना काढून तपासला. डिस्चार्जखेरीज आणखी दोन ठिकाणी ती ओळ झिरपत होती : प्रयोगशाळेची चिठ्ठी आणि विमा कंपनीकडे जाणारा सारांश. ज्यांचे असे कागद बाहेर गेले होते, त्या प्रत्येकाला फोन करून सांगितलं. ते फोन मी स्वतः केले. त्यातल्या एका बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग “कागद माझ्याकडेच आहे, फाडते” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

ब याला आम्ही भेटून माफी मागितली. त्याला दोन गोष्टी हव्या होत्या. एक, वडिलांशी कोणीतरी बोलावं, पण तो सांगेल तेव्हाच. ते झालं. दोन, नोंद पुसून टाकावी. ती दिसेनाशी केली. पण कोणती नोंद कधी बदलली याचा माग संगणक ठेवतो आणि तो माग आम्हाला पुसता येत नाही. हे त्याला तोंडावर सांगणं मला फार जड गेलं.

दुरुस्ती

प्रश्न सात आठवड्यांनी पुन्हा सुरू झाला. पुन्हा सुरू करायचाच का, यावर मतभेद होते. ब यालाच विचारावं, असं समुपदेशकांनी सुचवलं. तो म्हणाला, “सुरू करा. पण आधी सांगा, कुठे जातं ते.”

आता प्रश्नाच्या वरच लिहिलेलं असतं : हे उत्तर फक्त तुमच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांना दिसेल, कोणत्याही कागदावर छापलं जाणार नाही, तुम्ही सांगाल तेव्हा काढलं जाईल, मात्र बदल झाल्याचा माग यंत्रणेत राहील. उत्तराखाली वेगळी खूण आहे : ‘नोंदीत ठेवा’ किंवा ‘फक्त डॉक्टरांशी बोलायचं आहे’. दुसरी खूण केली, तर उत्तर साठवलंच जात नाही. कोणी ती नोंद उघडली, याची महिन्याला तपासणी होते.

आणखी एक बारीक गोष्ट सिस्टरांच्या लक्षात आली होती. आमच्याकडे निम्मे फॉर्म रुग्ण स्वतः भरतच नाहीत. नवरा बायकोचा भरतो, सून सासूबाईंचा भरते, आई मुलाचा. म्हणून आता फॉर्म दुसऱ्या कोणी भरला असेल, तर हा प्रश्न आपोआप गळतो आणि ‘विचारलंच नाही’ अशी नोंद राहते. सोळा वर्षांखालच्यांना फॉर्मवर विचारत नाही. त्यांच्याशी बोलायचं ते खोलीत, एकट्याशी, आणि तेही गरजेपुरतं.

काय बदललं

गर्भाशयमुखाच्या चाचणीसाठी आता अविवाहित स्त्रियाही येतात, कारण त्यांना निरोप जातो. त्याचं श्रेय या प्रश्नाला नाही, अट काढण्याला आहे. हे मी प्रत्येक ठिकाणी सांगते, कारण ज्या केंद्रांना प्रश्न सुरू करणं शक्य नाही, त्यांना एवढं तर उद्या करता येईल.

प्रश्नाने जे दिलं ते वेगळं आहे. तातडीच्या वेळी कोणाला फोन करायचा, या रकान्यात खरी माणसं येऊ लागली. नैराश्याच्या काही रुग्णांशी पहिल्यांदा मुद्द्याचं बोलता आलं. आणि आमची स्वतःची एक समजूत मोडली. उत्तर मिळालं म्हणजे सगळं कळलं, असं आम्हाला वाटू लागलं होतं. मग एक विवाहित गृहस्थ आले. फॉर्मवर ‘वेगळ्या लिंगाच्या व्यक्तींबद्दल’ ही खूण. लघवीच्या जळजळीसाठी तपासताना मी नेहमीप्रमाणे विचारलं, “गेल्या वर्षभरात संबंध कोणाशी आले? पुरुषांशी, स्त्रियांशी, दोघांशी?” ते खाली बघत म्हणाले, “दोघांशी.” एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी यांच्या तपासण्या झाल्या, हिपॅटायटिस बीची लस सुरू केली. त्यांनी फॉर्मवरची खूण बदलली नाही, मीही बदला म्हणाले नाही. स्वतःला काय म्हणवतो, मनाला काय वाटतं आणि प्रत्यक्ष संबंध कोणाशी आहेत, या तीन गोष्टी एकाच माणसात तीन दिशांना असू शकतात. कोणती तपासणी करायची, हे तिसरीवरून ठरतं, आणि ती फॉर्मवर नाही.

पुन्हा करायचं झालं तर

आधारगटाला दुसऱ्या बैठकीला नाही, पहिल्याच बैठकीला बोलावू. कागदांचा प्रवास आधी तपासू : एक खोटा रुग्ण नोंदवून, त्याला दाखल करून, घरी सोडून, त्याच्या नावाचा प्रत्येक छापील कागद टेबलावर मांडून बघू. याला एक दुपार लागली असती. आम्ही शब्दांना तीन आठवडे दिले आणि छपाईला अर्धा तासही नाही.

आणि जुने केसपेपर. माझ्या अक्षरातल्या अशा किती ओळी अजून यंत्रणेत आहेत, हे मी मोजायला घेतलं आहे. विचारून केलेल्या नोंदी आणि परस्पर भरलेल्या नोंदी कागदावर सारख्याच दिसतात. म्हणून सध्या एकेका रुग्णाला पुन्हा विचारत आहे.

दुसऱ्या रुग्णालयात पाठवताना पत्रात हे लिहायचं की नाही, हा मुद्दा अजून सुटलेला नाही, कारण तिथल्या छपाईवर आमचा ताबा नाही. तूर्त दर वेळी रुग्णालाच विचारतो. गेल्या महिन्यात अ यांना पुढच्या तपासणीसाठी पाठवायचं होतं. मी विचारलं, “जोडीदाराचं नाव पत्रात घालू का?” त्या म्हणाल्या, “घाला. पण पाकीट बंद करायच्या आधी मला वाचून दाखवा.” मी वाचून दाखवलं. त्यांनी एक शब्द बदलायला सांगितला, तो बदलून पत्र पुन्हा छापलं.